एक सही

आमच्या नगरावर आषाढांतले ढग येतात ते बहुधा दर्शन देण्यापुरतेच. अशाच एका कोरड्या संध्याकाळीं आमची आठवींतली नात एक छापील कागद घेऊन आमच्यापुढें उभी राहिली. शाळेंतील राष्ट्रीय छात्रसेनेंत तिला नांव घालावयाचें होतें व कागदाखालीं पालकाची सही हवी होती. तिचे वडील नोकरीनिमित्त परगांवीं. सूनबाईंनीं कागद वाचून आमच्याकडे धाडला खरा, परंतु ‘मामंजी नको म्हणतील तर बरें’ असा भाव त्यांच्या चर्येवर स्पष्ट होता. दहा दिवसांचें शिबिर, घराबाहेरचा मुक्काम, बंदुकीचा नेम! घरांतील वडील बायकांस हें सारें मुलीच्या जातीस न शोभणारें वाटलें. अखेर ‘तुम्ही ठरवाल तें’ असें म्हणून सर्वांनीं निवाडा आमच्यावर सोंपविला.

नात म्हणाली, “आजोबा, तुमच्या वेळीं ही सेना होती ना? तुम्ही होतां तींत?”

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधें नव्हतें. म्हणून प्रथम आम्हीं तिला इतिहास सांगितला.

ह्या सेनेचें मूळ इंग्रजी अमदानींत आहे. पहिलें महायुद्ध चालूं असतां १९१७ सालीं विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचीं पथकें निघालीं. १९२० च्या कायद्यानंतर त्यांस ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ हें नांव मिळालें. तीं पथकें परक्या सरकारच्या गरजेपोटीं जन्मलीं होतीं. स्वराज्य दाराशीं येऊन ठेपलें तेव्हां, १९४६ सालीं, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमण्यांत आली. गोपाळराव गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारतसेवक समाजाचे हे अध्यक्ष. वृत्तीनें नेमस्त, व्यासंगानें अभ्यासू. अशा गृहस्थाच्या समितीनें मुलांची सेना सुचवावी ह्यांतच तिचें मर्म आहे. हेतु केवळ शिपाई घडविण्याचा नव्हता; सावध व स्वावलंबी नागरिक घडविण्याचा होता. समितीचा अहवाल १९४७ च्या मार्चांत आला, १९४८ च्या एप्रिलांत कायदा झाला व त्याच वर्षीं जुलैंत सेना उभी राहिली. केवळ ह्या सेनेंत आहे म्हणून कोणासहि रणांगणावर जाण्याची सक्ती नाहीं, असें त्या कायद्यांतच म्हटलें आहे. हें ऐकून सूनबाईंचा चेहरा थोडा निवळला.

“आणि मुली?” वडील बायकांनीं विचारलें. मुलींचा विभाग १९४९ सालींच निघाला. म्हणजे ही कांहीं आजकालची टूम नव्हे. शिवाय २०२४ सालीं ज्यांचें नांव आमच्या शहरानें घेतलें, त्या अहिल्याबाई होळकर ह्याच जिल्ह्यांतील चौंडीच्या. त्यांचें नांव पाटीवर लावावयाचें आणि नातीस कवाइत नको म्हणावयाचें, हें आम्हांस जुळेना.

आतां राहिला तिचा मूळ प्रश्न. १९६२ सालीं चीननें आक्रमण केलें व पुढल्या वर्षीं महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस ह्या सेनेचें शिक्षण सक्तीचें झालें. आम्ही त्याच वर्षांत शिकत होतों. पहांटेचें उठणें, जड बूट, ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ ह्यांचा आम्हांस मनस्वी कंटाळा. एका ओळखीच्या डॉक्टरांकडून गुडघेदुखीचा दाखला मिळविला आणि सुटलों! १९६५ च्या भाद्रपदांत पाकिस्तानशीं युद्ध जुंपलें. आमच्या खोलींत राहणारा मित्र रोज पहांटे पट्टा आवळून कवाइतीस जाई. त्यानें आम्हांस एका शब्दानेंहि कधीं टोचलें नाहीं. उलट आमची झोंप मोडूं नये म्हणून जातांना दार हळूच ओढून घेई. आम्ही मात्र जागेच असूं. डोळे उघडण्याचा धीर होत नसे.

हें आजवर आम्हीं घरांत कोणास सांगितलें नव्हतें. त्या संध्याकाळीं सांगितलें.

नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे गुडघा खराच दुखत नव्हता?”

“नव्हता.”

“आणि आतां दुखतो तो?”

“आतां मात्र खरा दुखतो, बाळ!”

ती हंसली, पदराआड सूनबाईहि हंसल्या.

सक्ती १९६८ सालीं उठली व प्रवेश पुन्हां ऐच्छिक झाला. लादलेल्या शिस्तीचा माणसास जाच होतो, हें आम्ही स्वानुभवानें जाणतों. तथापि जाच झाला म्हणून खोटें बोलण्याचा अधिकार मिळत नाहीं, हेंहि आम्ही उशिरां कां होईना शिकलों. येथें तर मुलगी आपण होऊन शिस्त मागत होती. आमच्या एकत्र कुटुंबांत आम्ही मुलांवर शेंकडों नियम लादतों व तीं ते चुकवितात म्हणून रागावतों. त्यांतलेंच एखादें मूल स्वतः नियम मागावयास आलें, तर भीतीपोटीं त्याचा हात अडवावा काय?

आम्हीं सही केली. पहिल्या कवाइतीच्या दिवशीं सूनबाईंनींच खाकी पोशाखास इस्त्री केली. नात पहांटे पावलें न वाजवितां दाराकडे निघाली, तेव्हां आम्ही ओसरीवर बसलों होतों. ती म्हणाली, “आजोबा, अजून झोंपलां नाहींत?” आम्हीं म्हटलें, “झोंपलों होतों, पण आज मुद्दाम उठलों.”