तक्रार केव्हापासून?

आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'तक्रार केव्हापासून?' भोपाळच्या जयप्रकाश नगरात त्याने मला फार छळलं. अमरावतीहून समाजकार्याची पदवी घेऊन आले होते. श्वसनाच्या आजारांचं सर्वेक्षण म्हणजे विचारायचं, भरायचं, पुढचं दार वाजवायचं, एवढीच समजूत. पहिल्याच घरातल्या आपा म्हणाल्या, "गैस से." फॉर्म टॅबवर भरायचा आणि टॅबला वर्ष लागतं, म्हणून वायुगळतीचं १९८४ टाकलं. मग त्यांची मुलगी पुढ्यात बसली. दोन वाक्यांत तिलाही धाप लागत होती. जन्म १९९१. तक्रार केव्हापासून? तिच्या वतीने आपाच म्हणाल्या, "बताया ना, गैस से." टॅब अडला. जन्माच्या आधी आजार सुरू झालेला त्याला चालत नाही. सर्वेक्षणाच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "जन्मवर्ष टाका, पुढे चला."

गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की समोरच युनियन कार्बाइडच्या कारखान्याची भिंत. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ६१० नंबरच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंदच होती, वायू जाळणारा मनोराही नादुरुस्त होता, हे सगळं वाचून आले होते. ओलं फडकं तोंडावर धरलं असतं तर पुष्कळ त्रास वाचला असता, हे मात्र आपांकडून कळलं. तसं कुणी सांगितलंच नाही. लोक जिवाच्या आकांताने पळाले आणि पळताना जास्तच वायू श्वासातून आत गेला. हमीदिया रुग्णालयाच्या डॉक्टरांनाही कोणता वायू ते कळवलेलं नव्हतं. "दुपट्टा तो सबके पास था, बेटा," आपा म्हणाल्या.

मी राहते मामांकडे, भेल कारखान्याच्या वसाहतीत. त्या रात्री वारा जुन्या शहराकडे होता. इकडची माणसं झोपेत होती. वाऱ्यानंतर सरकारने आपली रेघ ओढली. ५६ वॉर्डांपैकी ३६ बाधित. १९९०पासून महिना २०० रुपयांची अंतरिम मदत मिळाली ती रेघेच्या आतल्यांना. सरकार आणि कार्बाइड यांच्या १९८९च्या तडजोडीत ४७ कोटी डॉलर ठरले. त्यातून बहुतेकांच्या वाट्याला २५ हजार रुपये आले, पुढे तेवढेच पुन्हा. बहुतेकांची इजा 'तात्पुरती' ठरली होती. तात्पुरती! आपा चाळीस वर्षं खोकताहेत.

मामी रोज बजावते, "तिथलं पाणी पिऊ नकोस गं." हे पाण्याचं प्रकरण मला सगळ्यात उशिरा उमगलं. कारखाना चालू असतानाच त्याचं सांडपाणी उत्तरेकडच्या तळ्यांत सोडत. ते जमिनीत मुरलं, विहिरी-हातपंपांत उतरलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवायला सांगितलं, तोवर लोक तेच पीत होते. जागा स्वस्त म्हणून १९८४नंतर राहायला आलेलेही त्यांत होते. त्यांनी गॅस पाहिलाच नाही, म्हणून गॅसपीडितांचं कार्डही नाही. आवारातला ३३७ टन कचरा २०२५च्या जानेवारीत पीथमपूरला गेला, पण मुरलेलं विष तिथेच आहे. आमच्या फॉर्ममध्ये धूम्रपान, चूल, क्षयरोग यांचे प्रश्न आहेत. पाण्याचा नाही.

खरी फजिती व्हायची ती श्वास मोजणाऱ्या, फुंकर मारायच्या यंत्रापाशी. खोल श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सगळं बळ लावून सहा सेकंद फुंकायचं. मी ओरडायचे, "और, और, और!" तिसऱ्या सेकंदाला खोकला यायचा, आलेख कोसळायचा, यंत्र म्हणायचं 'पुन्हा करा'. फुप्फुसं धड नसलेल्या माणसाकडे यंत्र धडधाकटाची फुंकर मागतं. सहा सेकंद जमलेच नाहीत तर नोंद 'अस्वीकार्य', म्हणजे जो सर्वांत आजारी तोच आकडेवारीतून बाद. सरांशी यावर वाद घातला. आता अशांची निराळी यादी करतो.

एका चाचांनी नळी हातात घेण्याआधीच विचारलं, "रिपोर्ट देंगे, या ये भी ले जाएँगे?" भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) इथे २४ अभ्यास हाती घेतले होते, १९९४मध्ये काम गुंडाळलं. फुंकरी मारून घेणारे किती आले नि गेले, चाचांना तोंडपाठ होतं. त्यांनी आपली प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढे ओतली. दाव्याचे कागद, तुकडे पडत चाललेली प्रिस्क्रिप्शनं, एक्स-रे. त्यांत यंत्रातून निघालेली एक पट्टी होती, पूर्ण पांढरी. असल्या कागदावरची छपाई काही वर्षांत उडून जाते. आमच्या यंत्राचा कागदही त्याच जातीचा. म्हणून संध्याकाळी छोला भागातल्या एका दुकानात सगळ्या पट्ट्यांच्या झेरॉक्स काढते आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या-त्याच्या घरी नेऊन देते. खर्चाच्या तक्त्यात हे 'किरकोळ'मध्ये जातं.