मठ्ठा नको, जिलबी चालेल

मांसाहार तिनं कधी केलाच नव्हता. तेव्हा व्हीगन होणं म्हणजे फार तर चार पदार्थ वगळायचे, असा तिचा हिशेब. पहिल्याच सकाळी आल्याच्या चहात सोया दूध ओतलं आणि ते फाटलं.

मग तिनं स्वयंपाकघर नव्या नजरेनं पाहिलं. पिठलं-भाकरी, भरली वांगी, नारळाच्या दुधातली सोलकढी हे तर आधीपासूनच चालणारं! घात करतं ते वरून पडणारं तूप. आईनं सवयीनं वरणभातावर धार सोडलीच. ‘अगं, एवढ्याशानं काय होतंय?’

शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून तिनं दूध काढलं. उकळून कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीचे देठ घालून विरजलं. दही लागलं, पण वास दाण्याचाच. कढीत मात्र खपून गेलं. बी-१२ची गोळी तेवढी चुकणार नव्हती.

गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. पुढे आजारपणात कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध घेतलं, आणि ती तडजोड त्यांना खुपत राहिली. हे वाचून तिला, का कोण जाणे, हायसं वाटलं.

बाराव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत तिनं मठ्ठा ठामपणे नाकारला. जिलब्या दोनदा घेतल्या. त्यांच्या पिठात दही असतं, हे रिक्षात बसल्यावर आठवलं.