दुपारचा मुक्काम

अंबडला आमच्या गच्चीवर उभे राहिले की मुंबई-आग्रा रस्ता दिसतो. लहानपणी रात्री झोप येईना की मी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींचे दिवे मोजीत असे. हा रस्ता खरोखरच आग्र्याला जातो, या गोष्टीवर माझा कितीतरी वर्षे विश्वास बसला नव्हता. आमच्या दृष्टीने तो नाशकाच्या बाजारापर्यंत जात असे, आणि तेवढा पुरेही होता.

पुढे मी मॅट्रिक झालो, शिक्षणाला तेथेच रामराम ठोकला आणि एका लहानशा खासगी शाळेत मास्तर झालो. मास्तरकीच्या जोडीला कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन लागले. त्यांतल्या एका कादंबरीचा नायक भर वैशाखात, टळटळीत दुपारी, एकटाच खानदेशचा माळ तुडवीत जातो. त्या प्रकरणाला बारा पाने लागली होती. वाचकांची पत्रे आली, एका वाचनालयाने सत्कारही केला. मी माळ पाहिलेला नाही, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. लक्षात आले ते फक्त आमच्या सौभाग्यवतींच्या. "एवढं चालून तो पाणी कुठं प्याला?" असे त्यांनी हस्तलिखित वाचतानाच विचारले होते. बायकांना वाङ्मयातले काय कळते, असे मनात म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला होता.

तो प्रश्न मला २०१९ च्या मे महिन्यात पुन्हा भेटला.

शाळेला सुटी होती. एका स्नेह्याची जुनी जीप चार दिवसांसाठी मिळाली. मुलीने नायलॉनचा तंबू कोणाकडून तरी उसना आणला. धुळ्यावरून दोंडाईचा, शहादा करीत सातपुड्यातल्या तोरणमाळला जायचे, हॉटेलात न उतरता वाटेत उघड्यावर राहायचे, असा बेत ठरला. सौभाग्यवतींनी पिठले-भाकरीची तयारी, लिंबे, कांदे आणि पाण्याचे दोन मोठे कॅन बरोबर घेतले. "पहाटे चालायचं, दहाला थांबायचं," एवढी एकच अट त्यांनी घातली. मी मान डोलावली. मास्तर मान सहज डोलावतात.

पहिला दिवस झकास गेला. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल पाहिला. मालेगावला चहा घेतला. संध्याकाळी लळिंगचा किल्ला डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळत राहिला आणि धुळ्याच्या अलीकडे एका परिचिताच्या शेतात आम्ही तंबू ठोकला. रात्री त्यात कोणालाच झोपवेना. तंबू म्हणजे भाकरी भाजण्याचा तवाच झाला होता. शेवटी आम्ही तिघेही बाहेर सतरंजी टाकून चांदण्यात पडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे होते. पण धुळ्यात आल्यावर माझ्यातला साहित्यिक जागा झाला. १९३२ साली विनोबांनी ज्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, त्या तुरुंगाची भिंत तरी बाहेरून पाहू या, असे मी म्हटले. मग इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव निघाले. १९२६ साली त्यांनी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पाहिल्यावाचून कसे जायचे? घड्याळात साडेअकरा झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता चारपर्यंत इथंच थांबू या." मी म्हणालो, "दोन तासांचा तर रस्ता आहे." माझ्या नायकाने बारा पाने चालून दाखविले होते. मी तर जीपमध्ये बसलो होतो.

चिमठाण्याकडे वळलो तेव्हा मी मुलीला गोष्ट सांगत होतो. १९४४ साली, धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी याच भागात लुटला, ती गोष्ट. "मग?" असे ती एरवी दर वाक्याला विचारते. त्या दिवशी ती गप्प होती. मी आरशात पाहिले. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे अर्धे मिटले होते.

आडवाटेने गेलो तर लवकर पोहोचू, असा शोध मी थोड्या वेळापूर्वीच लावला होता. त्या वाटेवर जीपच्या बॉनेटमधून वाफ येऊ लागली. मी उतरलो आणि घाईघाईने रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी उसळले आणि उजव्या हाताची बोटे पोळली. मग एक कॅन आत ओतला. पाणी सारे खालून मातीत गेले, रबरी नळी फाटली होती. हे कळायला मला दुसरा अर्धा कॅन ओतावा लागला. उरलेला अर्धा, मी तो भेगाळलेल्या जमिनीवर ठेवायला गेलो तेव्हा कलंडला. सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

वर्गात मी मुलांना शिकवितो की शरीराचे तापमान ३७ अंश असते. बाहेरची हवा त्याहून तापली की शरीराला थंड व्हायला घामाखेरीज दुसरी वाट राहत नाही, आणि घामाला पाणी लागते. फळ्यावर हे वाक्य फार सोपे असते. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला होता. ऑक्टोबर २०१८ अखेर सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत धुळे जिल्ह्यातलेही होते. त्या माळावर हिरवे म्हणून काही असेल, तर ती लांबवर दिसणारी एक बाभूळ. मुलीला ओकारी झाली. फोनला आवाज नव्हता. मी तिला खांद्यावर टाकले आणि त्या बाभळीकडे चालू लागलो. बारा पाने नव्हे, अर्धी पानभर वाट असेल. पण माझे पाय लटपटत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःला म्हटले, की ही पोर माझ्या हौसेपायी हातची जाणार.

बाभळीखाली मेंढपाळांचा वाडा उतरला होता. ठेलारी मंडळी. दोन घोडी, एक बाज, चार गाडगी-मडकी, दोरीला बांधलेल्या कोंबड्या आणि एक कुत्रा. घोंगडी ताणून सावली केली होती. "बठा भाऊ, बठा," एवढेच म्हणून एका म्हातारीने मुलीला माझ्या खांद्यावरून उतरवून घेतले. फडके भिजवून तिच्या कपाळावर, मानेवर, काखेत ठेवले. गुळाचे पाणी केले, त्यात मिठाचा खडा टाकला आणि एकेक घोट पाजू लागली. "एकदम नको," असे तिने सौभाग्यवतींना बजावले. मडक्यातले पाणी कुठून आणता, असे मी मागाहून विचारले तेव्हा तिने मोघम हात दाखविला. त्या दिशेला मला काहीच दिसले नाही.

तासाभराने मुलीने डोळे नीट उघडले आणि म्हणाली, "आई, कोंबडी." सौभाग्यवतींना तेव्हा रडू कोसळले. मी बोटांना फुंकर घालण्याचे निमित्त करून पलीकडे गेलो.

तिथे म्हातारा मेंढरांकडे बघत बसला होता. मेंढरे वर्तुळ करून उभी होती आणि प्रत्येकीने आपले डोके दुसरीच्या पोटाखाली, सावलीत खुपसले होते. म्हाताऱ्याचा मुलगा फटफटीवरून दोंडाईचाला नळी आणायला गेला होता. मी म्हाताऱ्याला आमचा सारा बेत सांगितला. तंबू, तोरणमाळ, उघड्यावरचा मुक्काम. त्याने शांतपणे ऐकून घेतले. सारे आयुष्य उघड्यावर काढलेल्या माणसाला आमची हौस समजावून सांगताना माझी जीभ अडखळत होती.

"दुपारी का निघाले?" त्याने विचारले.

मी गप्प राहिलो.

"मेंढराला अक्कल नसती म्हणतात," तो म्हणाला. "पण दुपारी चालत नाही ते."

मला माझ्या नायकाची आठवण झाली आणि त्याच्यापेक्षाही त्याच्या लेखकाची लाज वाटली.

उन्हे कलेपर्यंत आम्ही तेथेच थांबलो. पावसाआधी शेतात मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंडीखताबद्दल शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या शेतात जायचे, असा त्यांचा क्रम. म्हातारीची नात आमच्या मुलीएवढीच होती. शाळेत गेली होती, पण वाड्याबरोबर हिंडताना ते राहून गेले. मी मास्तर आहे हे कळल्यावर तिने मला जीपपाशी नेले आणि बॉनेटवरच्या धुळीकडे बोट दाखविले. मी पोळलेल्या बोटाने तिचे नाव लिहिले. तिने ते तसेच खाली गिरवले. काना आधी काढला आणि अक्षर मागून. इतकी वर्षे मी मुलांना याच चुकीसाठी रागावत आलो. त्या दिवशी रागावलो नाही.

निघताना सौभाग्यवतींनी पैसे पुढे केले. म्हातारीने ते घेतले नाहीत. मग आमच्या रिकाम्या कॅनकडे पाहून ती जरा संकोचाने म्हणाली, की ते दोन्ही दिले तर घोडीवर बांधायला बरे पडतील, मडकी फुटतात. ज्यांतले पाणी मी मातीत घातले होते, ते कॅन मी तिला दिले. याहून लहान देणे मी आयुष्यात दिलेले नाही.

तोरणमाळ आम्ही पाहिले नाही. दोंडाईचाला मुलीला डॉक्टरांना दाखविले, रात्री मुक्काम केला आणि पहाटे चारला परतीची वाट धरली. दहा वाजता थांबलो. आता मीच थांबवतो.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ते प्रकरण पुन्हा लिहिले. नायक सकाळी चालतो, आणि दुपारी बाभळीखाली बसून राहतो. "यात काही घडतच नाही," असे प्रकाशक म्हणाले. "तो जगतो," मी म्हटले.

दिवाळीच्या सुमारास वाडे पुन्हा बाहेर पडतात. तुम्ही फराळाचे ताट शेजारी ठेवून हे वाचत असाल, तेव्हा खानदेशात कुठेतरी एखादी घोडी बाज, मडकी आणि आमचे ते दोन कॅन पाठीवर घेऊन निघाली असेल. रात्री गच्चीवर गेलो की मी अजून आग्रा रस्त्यावरचे दिवे मोजतो. ज्यांच्याजवळ दिवा नाही, त्यांचीही आता मोजदाद करावीशी वाटते. ती मात्र गच्चीवरून होत नाही.