झाड खरं की खोटं

नॉक्सव्हिल, टेनेसी

ती. स्व. मामांस,


इकडची कुत्री काळोखात शिकार कशी शोधतात, असं तुम्ही विचारलंत. आपल्या कारवानी कुत्र्यांचं सगळं डोळ्यांवर आणि पायांवर. इथल्या कूनहाउंडचं नाकावर आणि गळ्यावर. रॅकून रात्री ओढ्याकाठाने खाणं शोधत हिंडतो आणि कुत्रं मागे लागलं की झाडावर चढतो. कुत्र्याने माग काढत जायचं, नेमकं झाड धरायचं आणि मालक पोचेपर्यंत बुंध्याशी भुंकत राहायचं. मालक लांब कुठेतरी अंधारात कान देऊन उभा असतो.

शेजारच्या आजोबांकडे ब्लूटिक जातीची कुत्री आहेत. अंगभर निळसर-काळे ठिपके, लोंबते कान. 2019 पासून टेनेसीने या जातीला राज्याचं कुत्रं म्हणून मान दिला आहे. आजोबा पिल्लाला आधी कातड्यावर शिकवतात. रॅकूनचं कातडं गवतातून ओढत नेऊन शेवटी झाडाला टांगायचं. पण ते लांब काठीच्या टोकाला बांधतात आणि स्वतः बाजूने चालतात, नाहीतर पिल्लू माणसाच्याच मागावर जातं. आधी सरळ माग, मग वळणं, मग मध्ये ओढा. पिल्लू कंटाळायच्या आत खेळ बंद.

पुढे त्याला जाणत्या कुत्र्याबरोबर सोडतात, पण थोडेच दिवस. फार दिवस सोडलं तर ते थोरल्याच्या आवाजात नुसता आवाज मिसळायला शिकतं. म्हणून लवकरच एकट्याने रानात. आवाजातून सगळं कळतं, मामा. माग जुना असेल तर मधूनमधून लांब हेल काढतं, ताजा होत गेला की हेल जवळजवळ येतात. झाड सापडलं की एक मोठी आरोळी, आणि मग तुटक, भराभर भुंकणं, न थांबता.

खरी परीक्षा इथेच. रॅकून लबाड असतो. बुंध्यावर थोडा चढून परत उतरतो, नाहीतर फांद्याफांद्यांवरून पलीकडच्या झाडावर जातो. उतावळं कुत्रं बुंध्यावर वास आला की तिथेच भुंकत बसतं. चांगलं कुत्रं आधी झाडाभोवती फेरी मारतं, मग आणखी मोठी फेरी, आणि वास बाहेर गेलेला नाही अशी खात्री पटल्यावरच तोंड उघडतं. ही फेरी हाताला धरून शिकवता येत नाही. बॅटरीच्या झोतात वर डोळे चमकलेले दिसेपर्यंत आजोबा शाबासकी देत नाहीत. वर काहीच नसेल तर रागवायचं नाही, चुचकारायचंही नाही. साखळी लावून गुपचूप चालू लागायचं. आणि कुत्र्याने झाड धरलं की पाऊस असो, चिखल असो, तिथवर जायचंच. भुंकून भुंकून कोणी आलं नाही तर पुढच्या वेळी ते का थांबेल?

हरणामागे पळणाऱ्या पिल्लाला विजेच्या पट्ट्याचा झटका द्यायची घाई पुष्कळजण करतात. मला ते मुळीच पटत नाही. ते कुठल्या वासावर आहे हे माणसाला अंधारात कळत नाही, आणि झटका रॅकूनच्या मागावर बसला तर ते तोच माग सोडून द्यायला शिकतं.

स्पर्धाही होतात. त्यांत रॅकूनला मारत नाहीत. पंच वर झोत टाकून बघतात. पोकळी नसलेल्या उघड्या झाडावर काही दिसलं नाही तर गुण वजा. अलाबामात टस्कम्बियाजवळ तर या कुत्र्यांची दफनभूमी आहे. की अंडरवूड नावाच्या शिकाऱ्याने 1937 साली आपल्या ट्रूप नावाच्या कुत्र्याला तिथे पुरलं, तेव्हापासून कूनहाउंडखेरीज दुसऱ्या कुठल्याच कुत्र्याला तिथे जागा नाही.

तुमच्या पश्मी कुत्रीला हे जमेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. झाडाखाली उभं राहून भुंकणं तिच्या रक्तात नाही, त्याचा नाद सोडा. ससे धरायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच आहे. पण मागाचा खेळ करून बघा. पहाटे दव असताना मटणाचं हाड काठीला बांधून बांधावरून ओढत न्या आणि ती बघत नसताना ज्वारीत लपवा. दवात वास टिकतो. ती मान खाली घालून शोधते की वर करून शिवार न्याहाळते, एवढं कळवा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा