भिंतीतली ओल, मनातली अढी

हुगळीच्या पूर्व काठावरचे बजबज तागाच्या गिरण्या, तेलाचे साठे आणि १९१४ चे कोमागाटा मारू प्रकरण यांसाठी ओळखले जाते. पण नवऱ्याच्या बदलीमुळे इथे भाड्याच्या घरात संसार मांडणाऱ्या गृहिणीला या गावाची खरी ओळख पटते ती पावसाळ्यात. शेजारी नदी, दमट हवा आणि वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस! कपाटामागून कुबट वास येऊ लागतो, ठेवणीतल्या साडीवर ठिपके पडतात आणि मुलाचा खोकला काही केल्या थांबत नाही.

मग घराघरांत ठरलेला संवाद घडतो. ‘‘अहो, मालकांना सांगा ना!’’ ती म्हणते. ‘‘घर आपलं थोडंच आहे? दोन वर्षांत बदली होईल. उगाच भाडं वाढवून बसतील,’’ तो टाळतो. शेवटी डागावर कॅलेंडर टांगले जाते. घर भाड्याचे असले, तरी त्यातली हवा आपलीच माणसे घेत असतात, हे दोघेही विसरतात. ओलसर, बुरशी आलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दम्याचा त्रास वाढण्याचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे.

भिंतीवरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. बंगालीत ज्याला ‘नोना’ म्हणतात, तोच आपला लोणा. विटांमधले क्षार ओलीबरोबर बाहेर येतात आणि पांढरी भुकटी जमते. बुरशी बहुधा काळी-हिरवट असते व तिला कुबट वास येतो. दोन्हींचे मूळ मात्र एकच, पाणी.

ते पाणी कुठून येते, हे आधी शोधावे. बाराही महिने ओल असेल, तर नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपवर संशय घ्यावा. फक्त पावसात दिसत असेल, तर गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीची तड तपासावी. जमिनीलगत सुरू होऊन वर चढणारी ओल पायातून येते. कारण दूर न करता रंग लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे!

भिजलेल्या वस्तू एक-दोन दिवसांतच खडखडीत वाळवाव्यात. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. थोडीशी बुरशी असेल, तर नाक-तोंड झाकून, साबणाच्या पाण्याने पुसावी. कोरडी घासल्यास तिचे कण घरभर उडतात. ब्लीचिंग पावडरमध्ये अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल, तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवावे.

आता प्रश्न खर्चाचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे, ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूला ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होऊ शकत नाही. अकरा महिन्यांच्या करारात मात्र बरेच काही करारातल्या शब्दांवर ठरते. म्हणून गळती कोणी दुरुस्त करायची, हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावे. प्रवेशाच्या दिवशी भिंतींचे फोटो काढून मालकांनाही पाठवावेत, म्हणजे घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होत नाहीत.

तक्रार करणे म्हणजे भांडण नव्हे. ओल मुरत गेली, की स्लॅबच्या सळ्या गंजतात आणि नुकसान मालकांचेच होते. ही गोष्ट चहाच्या कपाबरोबर, गोड शब्दांत सांगावी आणि नंतर दोन ओळींचे पत्रही द्यावे. वेळीच बोलल्याने संबंध बिघडत नाहीत. ते बिघडतात मनात साठवून ठेवल्याने. भिंतीतल्या ओलीप्रमाणे मनातली अढीही आतल्या आतच पसरत जाते.