पेरलेल्या वस्तू

'डाय हार्ड' हा १९८८ चा अमेरिकी मारधाडपट नाताळच्या आदल्या रात्री घडतो. न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन बायकोला आणि मुलांना भेटायला लॉस एंजेलिसला येतो. बायकोच्या कंपनीच्या उंच इमारतीत मेजवानी चालू असताना हत्यारबंद दरोडेखोर आत शिरतात आणि हा एकटा, अनवाणी, वरच्या मजल्यांवर अडकतो. दिग्दर्शन जॉन मॅकटिअरननचे. मॅक्लेन झालाय ब्रूस विलिस, तर दरोडेखोरांचा म्होरक्या हान्स ग्रूबर अ‍ॅलन रिकमनने केला आहे. रिकमनचा हा पहिलाच चित्रपट.

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात हा चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोष्टीत शिरायला वेळ लागत नाही. या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला दोघांनाही जावे लागते. डिसेंबरात कितीतरी घरांत म्हातारी माणसे आणि नातवंडेच उरलेली असतात. कामापायी पांगलेले घर सणाला तरी एका छपराखाली येईल का, हा मॅक्लेनच्या घरातला प्रश्न इथे कुणाला उलगडून सांगावा लागत नाही. नाताळही या मुलखाला परका नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नगर आणि राहुरीत बरीच वर्षे काढली. नाताळात दारावर चांदणी टांगणारी मराठी घरे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

कथेला नाताळ नुसता सजावटीपुरता नाही. सुट्टीमुळे इमारत रिकामी आहे, पहारा जुजबी आहे आणि माणसे एकाच मजल्यावर गोळा झाली आहेत. म्हणून तर दरोड्याचा बेत जमतो. शेवटी मॅक्लेन पाठीवर पिस्तूल चिकटवतो तेही सणाच्या शुभेच्छा छापलेल्या चिकटपट्टीने.

या चित्रपटाची खरी कारागिरी अशा वस्तूंत आहे. पटकथा आणि संकलन करणारे तिला 'पेरणे' म्हणतात: वस्तू आधी सहज दाखवायची, विसरू द्यायची आणि नेमक्या वेळी काढायची. सगळ्यांत सुरेख पेरणी एका फोटोची आहे. मॅक्लेनची बायको हॉली कंपनीत माहेरचे जेनेरो हे नाव लावते. घरी फोन केल्यावर नवऱ्याचा काही निरोप नाही असे कळते, तेव्हा ती रागाने कुटुंबाचा फोटो पालथा करते. पाहणाऱ्याला त्यात फक्त रुसवा दिसतो. पण पुढे ग्रूबर त्याच खोलीत ठाण मांडून बसतो, आणि आपल्याला छळणाऱ्या माणसाची बायको समोर उभी आहे हे त्याला कळत नाही, ते त्या पालथ्या फोटोमुळे. टीव्हीवर मुलांची मुलाखत लागते, हॉलीचा चेहरा बदलतो, ग्रूबरचा हात फोटोकडे जातो. एका क्षणाच्या रुसव्यावर जवळजवळ अख्ख्या चित्रपटाचा ताण तोललेला आहे.

अनवाणी पायांचेही तसेच. विमानातला सहप्रवासी सल्ला देतो, की प्रवासानंतर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटे आवळावीत. मॅक्लेन ते करून पाहतो आणि तेवढ्यात गोळीबार सुरू होतो. मेलेल्या दरोडेखोराचे बूट त्याला लहान होतात. मग ग्रूबर त्याच्या उघड्या पायांकडे पाहतो आणि काचा फोडायला सांगतो. मराठी प्रेक्षकाला इथे १९७५ च्या 'शोले'तली फुटक्या काचांवर नाचणारी बसंती आठवल्याशिवाय राहणार नाही.

'शोले'च्या संकलनासाठी माधव शिंदे यांना फिल्मफेअर मिळाले. त्या वर्षी त्या चित्रपटाला मिळालेले ते एकमेव फिल्मफेअर. त्यातल्या ठाकूरच्या अंगावरची शाल हीसुद्धा पेरणीच. पहिल्या पाहण्यात तिच्याखाली काय नाही हे लक्षात येत नाही आणि दुसऱ्या पाहण्यात डोळा तिथून हलत नाही. म्हणूनच अशा चित्रपटाचे पहिले पाहणे जपावे. आधीच कुणी गोष्ट सांगितली, तर फोटो पालथा होतानाच पुढचे दिसू लागते.

जागेचे भानही असेच बेताबेताने दिलेले आहे. चित्रीकरण झाले ते निर्मात्या स्टुडिओच्याच फॉक्स प्लाझा या नव्या इमारतीत. काही मजले अजून अपुरे होते, ते तसेच वापरले. एका अर्धवट मजल्यावर भिंतीला बाईचे चित्र लावलेले आहे. मॅक्लेन पळताना तिथून पुन्हा जातो, तेव्हा तो कुठे आहे हे न सांगता कळते. मारधाडीत कोण कुठे आहे हेच कळेनासे झाले, की उरतो तो नुसता आवाज. इथे तसे होत नाही. यान द बाँटचा कॅमेरा सतत हलत असतो आणि कित्येकदा एक दृश्य हलत असतानाच दुसऱ्या हलत्या दृश्याला जोडले आहे. संकलनाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

शेवटची पेरणी घड्याळाची. कामाची पावती म्हणून कंपनीने हॉलीला ते भारी घड्याळ दिलेले असते. एक सहकारी ते मॅक्लेनला दाखव म्हणून तिच्या मागे लागतो. अखेरीस खिडकीबाहेर लोंबकळणारा ग्रूबर त्याच घड्याळाला धरून असतो. मॅक्लेन पट्ट्याची कडी सोडतो आणि तो खाली जातो. चित्रीकरणात तीन अंक मोजून सोडू असे रिकमनला सांगितले होते. त्याला आधीच सोडले, आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती दचक पडद्यावर तशीच राहिली.