काडीतला घड

वाट पाहणे मला कधीच साधले नाही. बस पाच मिनिटे उशिरा आली, तरी मी थांब्यावर शंभर फेऱ्या घालणार! मग गेल्या दिवाळीत माझे काय झाले असेल? पत्नीच्या गाठीचा अहवाल आठ दिवसांनी मिळायचा होता. पणत्या लावताना आम्ही दोघेही एकमेकांची नजर चुकवीत होतो.

भाऊबीजेला तिच्या माहेरी गेलो. गंगापूर रोडने धरणाकडे निघाले, की मेहुण्याची द्राक्षबाग लागते. छाटणीला पंधरा-वीस दिवस झाले होते. कोवळ्या फुटीतून इवले इवले घड डोकावत होते.

"इतक्यात घड आले?" मी विचारले.

"दाजी, हे आत्ताचं नव्हे. एप्रिलात खरडछाटणी केली ना, त्यानंतर भर उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात घड तयार झाला. वरून नुसती पानं दिसायची."

"आणि आता अवकाळी पाऊस आला तर?"

"धास्ती असतेच. रात्री उठून आभाळ बघतो. पण फवारणी माझी, आभाळ त्याचं."

थोडे थांबून त्याने हळूच विचारले, "ताईचा अहवाल कधी?" त्याचा आवाज कापत होता. भीती त्यालाही होती. पण त्याने सकाळची फवारणी चुकवली नव्हती.

अहवाल चांगला आला, हे आता सांगायला हरकत नाही. पण त्या रात्री तो ठाऊक नव्हता. उत्तर आत केव्हाच ठरलेले होते. ते उघडण्याची वेळ माझ्या हाती नव्हती. मी देवापाशी प्रथमच निकाल मागितला नाही, धीर मागितला. आणि झोप लागली.